७४८६५१ला मूळ कोण म्हणालं?

शैलामावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी खराडीला ऑफिसात होते. निखिलदादाचा मेसेज वाचून मी त्याला उलट फोन केला... नक्की ना, म्हणून. त्याला राग आला असणार. पण ही सवय मला त्याच्या आईनेच लावली होती.

मावशी शाळेत गणित शिकवायची. समोरच्या गाडीचा नंबर असो की विजेच्या मीटरचा आकडा, मोठी संख्या दिसली की तिची चौकशी सुरू. मूळ की संयुक्त? ती संख्या सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरली तर न्यून, जास्त भरली तर विपुल. मी इंग्लिश मीडियमची, घाबरत म्हणायचे, "प्राइम वाटतेय."

"वाटतेय? चेहऱ्यावरून ठरवायला स्थळ आलंय का ते?"

शेवटच्या आजारात दवाखान्यात ती एकच म्हणत राहिली, मला बिबवेवाडीला घरी न्या. दादा म्हणाला, आई भ्रमात आहे. आदल्या दिवशी तिने नर्सला माझ्या आजीच्या नावाने हाक मारली होती, हेही खरं. मला कुणावरच विश्वास ठेवता येईना, तिच्यावरही नाही. त्या दुपारी तिने मनगटावरची पेशंट नंबरची पट्टी पुढे केली. त्यावर ७४८६५७. "मूळ नाही ही. पहिल्या तीन आकड्यांतून शेवटचे तीन वजा कर. एक्याण्णव. तेर साती एक्याण्णव. म्हणजे सातानेही भाग जातो, तेरानेही."

"जुनं पाठांतर," दादा पुटपुटला. मलाही तीच शंका होती. म्हणून मी शेवटच्या साताचा एक केला. "आणि ७४८६५१, मावशी?"

तिने डोळे मिटले. झोपली असं वाटलं... "तीन, सात, अकरा, तेरा, कशानेच नाही. पुढचं तपासल्याशिवाय सांगणार नाही. आणि माझी परीक्षा चाललीय, ते कळतंय मला."

भ्रमातलं माणूस काहीही ठोकून देतं. इतकं जपून 'सांगणार नाही' म्हणत नाही. दादाला बाहेर नेऊन मी हेच सांगितलं. त्याच्याशी इतकं सलग मी कधी बोलले नव्हते. डॉक्टरांना विचारून त्याने तिला घरी आणलं.

तिच्या खोलीत शिकवणीचा फळा होता. ती पडल्या पडल्या सांगायची, मी भागाकार करायचे. सतरा, एकोणीस, तेवीस... "पुन्हा कर. तुझ्या घाईवर माझा भरवसा नाही." त्रेपन्नला बाकी सव्वीस उरली तेव्हा म्हणाली, "आज पुरे." दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना ती गेली.

परवा भेटायला आलेल्या बाई म्हणाल्या, "शेवटी भान नव्हतं म्हणे." मी मान हलवली नाही. त्या गेल्यावर दादाने फळा पुसायला फडकं उचललं. "मूळच असणार गं. एवढं तपासलंय."

मी खडू घेतला. त्रेपन्ननंतर एकोणसाठ. बाकी शून्य आली.

दादाने माझ्या हातातला खडू घेतला आणि तोच भागाकार शेजारी पुन्हा मांडला.