ओळखीचं हॉस्पिटल

आमच्या घरी कुणाला काही झालं, की आजार काय आहे हे नंतर. आधी विचारलं जायचं, तिथे ओळखीचं कोण आहे. माझे वडील, आप्पा, धाराशिवकडून चाकणच्या कंपनीत आले तेव्हापासूनची ही सवय. खोली ओळखीवर मिळाली, नोकरी ओळखीवर, पुढे माझा शाळेतला प्रवेशही. मी डॉक्टर झाले, मेडिसिनचं एम.डी. केलं आणि शेवटी हृदयरोगाच्या तीन वर्षांच्या शिक्षणाला लागले, तेव्हा आप्पांच्या लेखी घरातच एक ओळख तयार झाली होती. आप्पांच्या टूलरूममधले लोक आपापले ईसीजी, बायकांचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याकडे देत आणि आप्पा रविवारी ती पिशवी माझ्यासमोर ठेवत. मी हातातलं पुस्तक मिटून एकेक कागद बघायची. मला त्याचा त्रास नव्हता. बरंच वाटायचं.

मला पुस्तकांची सवय, आणि हे शिक्षण पुस्तकातून फार थोडं मिळतं. कॅथ लॅबमध्ये शिशाचा एप्रन घालून उभं राहायचं. रुग्णाच्या मनगटातली नाडी बोटांनी शोधायची, सुई घालायची, त्या वाटेने बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. औषध सोडलं की पडद्यावर रक्तवाहिन्या क्षणभर काळ्या उमटतात. त्या क्षणात अडथळा कुठे आहे ते दिसलं पाहिजे. मग केसासारखी तार त्या अडथळ्यातून पलीकडे घालायची, तिच्यावरून फुगा न्यायचा, स्टेंट बसवायचा. पहिलं वर्ष मी नुसती बघत होते. दुसऱ्या वर्षी सर माझ्या हातावर हात ठेवून तार फिरवायला लागले. "घाई पेशंटला असते," ते म्हणत, "तुझ्या बोटांना नको." एकदा माझी तार चुकीच्या फांदीत शिरली तेव्हा टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, तिकडं डेड एंड आहे, यू टर्न घ्या." सगळे हसले. सरही हसले, आणि मी तार मागे घेतली.

आप्पांना या तारेचं फार कुतूहल. जाडी किती, असं एकदा त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इंचाचे चौदा हजारांश.

"म्हणजे चौदा थाऊ," ते म्हणाले. "आमच्याकडं तेवढ्या फटीवरून बनवलेला जॉब रिजेक्ट होतो. अन् तू ते माणसात घालायलीस?"

"सर घालतात. मी धरते."

"धरतीस का होईना. एक दिवस माझ्यात घाल, मग बघू."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय अभद्र बोलता ओ." आप्पा मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी त्यांची पहिली शिफ्ट होती. छातीत दुखायला लागलं ते त्यांनी चहाच्या सुट्टीपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मग घाम फुटला आणि त्यांना कंपनीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या आणि कंपनीची अँब्युलन्स बोलावली. त्याने सगळं बरोबर केलं. मी नंतर त्याला फोन करून आभार मानले तेव्हा त्याने गाडी किती वाजता पोचली एवढंच विचारलं. मला वाटलं, त्याला काही तरी सांगायचं आहे.

मी त्या वेळी दुसऱ्या केसमध्ये सरांसोबत उभी होते. केस संपत आली असताना सिस्टर आत आल्या आणि सरांच्या कानाशी काही बोलल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं.

"ग्लोव्ह्ज काढ," ते म्हणाले. "बाहेर थांब. तुझे वडील आलेत."

आपल्या माणसाच्या केसला आपण हात लावायचा नाही, ही आमच्याकडची पद्धत. ती योग्यच आहे. मी काचेच्या पलीकडे कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले. आप्पांना टेबलावर घेतलं तेव्हा त्यांची मान माझ्या दिशेने वळली, पण त्यांना मी दिसले की नाही, कळलं नाही. त्यांचा रंग मातीसारखा झाला होता. पडद्यावर मी त्यांचं हृदय बघितलं. पुढची मोठी वाहिनी तोंडाशीच बंद होती. सरांनी तार घातली, ती सरळ पलीकडे गेली. फुगा, मग स्टेंट. औषध सोडल्यावर ती वाहिनी टोकापर्यंत भरली. इतकं स्वच्छ चित्र मी फार कमी वेळा पाहिलं होतं. माझ्या बरोबरीच्या डॉक्टरने आतून अंगठा वर केला.

पण हृदयाची पुढची भिंत हलत नव्हती. वाहिनी बंद पडली की तिच्यावरचा स्नायू मरायला लागतो आणि मेलेला परत येत नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. सर बाहेर आले, मास्क खाली केला. म्हणाले, "थोडं आधी आले असते तर..."

बाहेर आप्पांचे टूलरूममधले एक जोडीदार बसले होते. चाकणजवळच्या गावात पिढ्यानपिढ्या राहणारे. अँब्युलन्समधून तेच सोबत आले होते. मला बघून उठले.

"ताई, लई ट्रॅफिक. मोशीला तर गाडी हालंनाच. कंटेनरच्या मागं कंटेनर," ते म्हणाले. "त्याच्या अलीकडं डायव्हर म्हनला, हितं हार्टचं हॉस्पिटल हाय, घेऊ का आत? कंपनीच्या डॉक्टरनंबी त्येच सांगितलं हुतं. पन आप्पा म्हनले, न्हाई. माझी लेक हाय तिकडं, तिच्याकडंच न्या. बोलायची ताकद न्हवती, तरी हात धरून म्हनले. म्या डायव्हरला म्हनलं, चल राव, पोरगी वाट बगत आसंल."

ते हे मला कौतुकाने सांगत होते. दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्या अलीकडच्या हॉस्पिटलातही कॅथ लॅब आहे. तिथले डॉक्टर माझ्याहून कितीतरी अनुभवी आहेत. सर जे करतात ते तेही करतात.

"बरं केलंत सोबत आलात," मी म्हटलं.

आप्पा दोन दिवस आयसीयूत होते. मी त्यांच्या उशाशी असायची. एकदा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "तूच केलंस का?" मी हो म्हटलं. ते समाधानाने डोळे मिटून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

तळवड्याच्या आमच्या घरी तेरा दिवस माणसं येत राहिली. सगळ्यांचं बोलणं एकच. नशीबवान माणूस, लेकीच्या हातात गेला. नातेवाईक म्हणायचे, शेजारचे म्हणायचे, कंपनीतले म्हणायचे. आईने ते हळूहळू आपलंसं केलं. पुढे तर कुणी यायच्या आधीच ती म्हणायला लागली, "शेवटी पोरीजवळ पोचले. तेवढं देवानं केलं." मी चहाचे कप उचलायची. तिच्याकडे धरून ठेवायला तेवढंच होतं, म्हणून अलीकडच्या हॉस्पिटलचं मी तिला सांगितलं नाही.

मी परत रुजू झाले. एप्रन, नाडी, सुई. काम थांबत नाही. फक्त पडद्यावर एखादी वाहिनी भरली की मला आता आनंद होत नाही. मी आधी भिंत हलते का ते बघते. वाचनही सुटलं. ओळीवरून डोळे फिरतात आणि पानाच्या शेवटी काही उरत नाही.

काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, अँब्युलन्समधून आलेल्या त्याच जोडीदारांचा फोन आला. जिना चढताना छाती भरून येते म्हणाले. मी त्यांना दुसऱ्याच दिवशी तपासणीला या म्हटलं. मग म्हटलं, "पण काका, अचानक जोरात दुखलं तर माझ्याकडे येऊ नका. जवळ जे असेल तिथे जा. लगेच."

"आसं कसं? आप्पांनी काय तसं क्येलं न्हाई. आमीबी तुमच्याकडंच येनार."

"नका येऊ. मी सांगते म्हणून ऐका."

मग ते म्हणाले, "आप्पा गेलं तसं तुमी आमाला परकं क्येलं, ताई." आणि फोन ठेवला. कारण सांगायचं तर त्यांना सांगावं लागलं असतं, की डायव्हरला चल म्हणणारे तुम्ही होता. माझ्याच्याने ते झालं नाही.

आई समोर मटार सोलत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"कशाला नको म्हणलीस? बिचारा विश्वासानं येतो म्हणतोय," ती म्हणाली. "आप्पा आले तेव्हा तू होतीस म्हणूनच ना..."

"आई, अलीकडे हॉस्पिटल होतं," मी म्हटलं. "तिथे थांबले असते तर कदाचित वाचले असते."

तिचे हात थांबले. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. शेंगांची टोपली बाजूला सारून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंस, बाई?"

माझ्याकडे उत्तर होतं. एक माणूस तरी वाचावा म्हणून. पण त्या माणसाला मी सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं होतं.

तेव्हापासून ती माझ्याशी जेवणापुरतं बोलते. काका दुसऱ्या दिवशी तपासणीला आले नाहीत, नंतरही नाहीत. मी दोनदा फोन केला, त्यांच्या मुलीने उचलला आणि बाबा झोपलेत म्हणाली. कंपनीतल्या कुणाकडून तरी कळलं, की ते अजून कामावर जातात आणि जिन्यात मध्ये थांबतात.

माझं तिसरं वर्ष संपत आलंय. आता तार मी घालते, सर मागे उभे असतात. परवा म्हणाले, हात तयार झालाय. परीक्षा झाली की कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बाहेर माझ्या नावाची पाटी लागेल. मग धाराशिवकडून, चाकणवरून, आप्पांच्या टूलरूममधून ओळखीची माणसं येतील, वाटेतली सगळी हॉस्पिटलं सोडून.