आजोबांची गवार

आजोबांइतकं सफाईनं खोटं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी राजकीय घरात वाढलेली आहे.

वय त्यांचं पस्तिशीच्या आतलंच. पण दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात स्पर्धा परीक्षेच्या सगळ्या संधी संपवूनही जो मुक्काम हलवत नाही, त्याला नवी पोरं आजोबाच म्हणतात. गाव हिंगोलीकडचं. एका क्लाससाठी ते सराव परीक्षांचे पेपर तपासायचे आणि आमच्या मराठी मेसच्या गच्चीवर, बरसाती म्हणतात तसल्या एकुलत्या खोलीत राहायचे.

रविवारी दुपारी ज्या पोराचा निकाल वाईट लागला असेल, तो गच्चीवर जाऊन आपला फोन त्यांच्या हातात द्यायचा. आजोबा येरझारा घालत त्याच्या घरी बोलायचे. "काकू, नमस्कार. बिल्कुल काळजी करू नका. यंदा पेपरच तसा होता. हो, आत्ताच जेवला. दोडका होता, दोनदा घेतला." पोरगा तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसलेला, सकाळपासून उपाशी. फोन ठेवला की आजोबा त्याला दंडाला धरून खाली मेसमध्ये न्यायचे. "चलो, जेव आता. मला खोटं पाडू नको."

"खोटं बोलायचं तर त्यात भाजीचं नाव पाहिजे," ते म्हणायचे. "आईला कटऑफ कळत नाही. दोडका कळतो."

मला याची चीड यायची. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले, त्यामुळे पूर्णविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह ओळखता येऊ लागलं. आमच्या घरात खोटं बोलणं हे कारखान्याच्या मालकाचं काम मानलं जायचं. दिल्लीला मीही परीक्षेसाठीच आले, पण क्लासच्या बंद खोलीत माझा जीव रमेना. वर्षभरात ते सगळं सोडून मी जवळच्या मानेसरच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांची पत्रकं लिहायला लागले. आजोबांनी माझं नाव 'जाहीरनामा' ठेवलं.

"ए जाहीरनामा, वाच बघू नवीन काय ते."

मी उभी राहून, आवाज चढवून वाचायची. ते शेवटपर्यंत ऐकायचे. एकदा म्हणाले, "यार, तुझ्या शोषितांना कधी खोकला होत नाही का? कुणाची चप्पल तुटत नाही? एक माणूस दाखव, मी मोर्चात येतो."

"हा एका माणसाचा प्रश्न नाही. व्यवस्थेचा आहे."

"व्यवस्थेला आई नसते गं."

मी पाय आपटत जिना उतरले. तरी दुसऱ्या दिवशी मानेसरच्या शेअर ऑटोत मी समोरच्यांच्या चपला बघत होते, आणि स्वतःवरच चिडत होते.

दिवाळी जवळ आली तेव्हा त्यांचं स्वतःचं खोटं मला कळलं. आपण एका मंत्रालयात नोकरीला आहोत, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. आणि आता आई म्हणत होती, दिवाळी झाली की मी तुझं हापिस बघायला येते. त्या रविवारी आजोबा फोनशिवायच येरझारा घालत होते. या टोकाला टाकी, त्या टोकाला कपडे वाळत घालायची दोरी.

"काय दाखवू तिला? गेटवरचा शिपाई?"

"खरं सांगा," मी म्हणाले. माझ्याकडे दुसरं उत्तरच नसायचं.

"सगळ्या पोरांच्या आयांशी बोलतो मी. हिला काय सांगायचं तेवढंच सुचत नाही." त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला. "घे. तू खरं बोलणारी. सांग."

माझी वाक्यं तयार होती. रखडलेल्या भरत्या, बेरोजगारी, तरुणांच्या आयुष्याची राखरांगोळी. पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय माय? बाळू जेवला का?"



"मावशी," मी म्हणाले, "आमच्या मेसमध्ये एक मुलगा आहे." हे कुठून आलं, मला अजून ठाऊक नाही.

"बरं. मग?"

मी त्या मुलाला साताऱ्याकडचं गाव दिलं. खोकला दिला. एका चपलेचा अंगठा तुटका ठेवला. तो नापास झाला, पुन्हा नापास झाला. त्यानं घरी सांगितलं, नोकरी लागली. मावशी मधेमधे फक्त "मग?" म्हणत होत्या, आणि प्रत्येक 'मग'ला मला पुढचं दिसत होतं.

"मग त्याची आई त्याचं हापिस बघायला निघाली," मी म्हणाले आणि थांबले. आजोबाही थांबले होते.

"त्या पोराला म्हणावं," मावशी सावकाश म्हणाल्या, "त्याच्या आईला ठावं आहे. लहानपणी गवार ताटाखाली दडवायचा. अन् आता फोनवर सारखं सांगतो, गवार खाल्ली, गवार खाल्ली. साहेब झाला म्हणून माणसाची जीभ बदलती का माय? हापिस नको दाखवू म्हणावं. घरी ये."

साऱ्या आयांसाठी नेमकी भाजी निवडणाऱ्या माणसानं स्वतःच्या आईला खूश करायला गवार निवडली होती. मी निरोप शब्दशः सांगितला. आजोबा टाकीला टेकून खाली बसले, जिथे ती पोरं बसायची तिथेच.

निजामुद्दीन स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले. गाडीच्या दारातून म्हणाले, "पत्रकं सोडू नको. पण त्या खोकल्याच्या पोराचं पुढं काय झालं, तेही लिही."

लिहिलं. एका दिवाळी अंकात छापून आलं. वडिलांनी वाचून फोन केला. "चांगलं आहे. पण यात आपली मागणी काय?" एका पोराला आईशी खोटं बोलायला लावणाऱ्या व्यवस्थेला मी माफ केलेलं नाही. सकाळी तिच्याविरुद्ध पत्रक लिहिते. संध्याकाळी गोष्ट लिहायला बसते आणि दर चार ओळींनंतर उठून येरझारा घालते.

आजोबा आता गावाकडे शिकवण्या घेतात. परवा रविवारी त्यांचा फोन आला. मी विचारलं, "काय जेवलात?"

"गवार होती. दोनदा घेतली."

मागून त्यांच्या आईचं हसू ऐकू आलं.

"बरं," मी म्हणाले. "मग?"