गजभिये सरांचा शॉर्टस्टॉप

गजभिये सर माणसाशी हात मिळवायच्या आधी त्याचा खांदा चाचपत. लीड्समधल्या मराठी मंडळींच्या दिवाळीत मी जेवणाच्या रांगेत उभा होतो, आणि मागून कोणीतरी माझ्या उजव्या खांद्यात अंगठा रुतवला. वळून पाहिलं तर पन्नाशीचे, टापटीप, सावळे गृहस्थ. "लहानपणी कैऱ्या पाडत होता का बे दगडानं?" नाव नाही, गाव नाही, थेट कैऱ्या. मी म्हटलं, "हो, पण तुम्हाला काय माहीत?" "हाडं पाहायचाच धंदा आहे माझा. एप्रिलमध्ये संडेला ग्राउंडवर ये. पिचर पाहिजे मला." पुण्याहून येऊन मला तेव्हा तीन महिने झाले होते आणि रविवार अंगावर यायचा, म्हणून एप्रिल लागताच गेलो.

सर इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढत आणि रविवारी बेसबॉलची टीम चालवत. क्रिकेटवेड्या देशातून आलेला माणूस दुसऱ्या क्रिकेटवेड्या देशात बेसबॉल शिकवतो, याचं गोऱ्यांना आणि आम्हाला सारखंच हसू येई. पण नागपूरकडे शाळाशाळांतून सॉफ्टबॉल चालतो, सर त्यातले. तरुणपणी राज्याच्या टीममध्ये त्यांच्या जागी निवड समितीतल्या कोणाचा तरी भाचा गेला होता आणि राखीव म्हणून सरांनी स्पर्धाभर त्याला पाणी नेऊन दिलं. "भाचा काही वाईट खेळत नव्हता," ते सांगत, "पण तो भाचा होता ना बे. म्हणून आपल्या टीममध्ये वशिला नाही. जे आहे ते उजेडात धरून पाहायचं." एक्स-रेची फिल्म उजेडात धरतात तशी प्रत्येक गोष्ट ते उजेडात धरू पाहत. घरात आणायचा सोफासुद्धा.

त्यांचा इथेच वाढलेला मुलगा सुजात तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो शॉर्टस्टॉपला खेळे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. तिथे चेंडू सगळ्यात जास्त येतात आणि सगळ्यात वाईट येतात. मी चेंडू टाकावा, समोरच्याने तो जमिनीलगत सणसणीत मारावा, आणि मी मान वळवेपर्यंत सुजातने उचलून पहिल्या बेसला फेकलेला आणि गडी बाद झालेला असावा, असं दर रविवारी चाले. इतकं चांगलं खेळणारं दुसरं कोणी आमच्यात नव्हतं. तरीही एका सामन्यात त्याच्या हातून चेंडू सुटला आणि डाव संपवून आम्ही बाकावर परतलो तेव्हा कोणीतरी पुटपुटलं, "डॅडीज बॉय." सरांनी ते ऐकलं. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्या दिवसापासून सुजातच्या चुका ते जास्त मोठ्याने दाखवू लागले.

आमचं खरं दुखणं दुसरंच होतं. टीमला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकच, तो मी. रविवारी लागोपाठ दोन मॅच, दोन्हींत मीच टाकायचं. दुसऱ्या मोसमाच्या मध्यावर माझा खांदा इतका दुखू लागला की सोमवारी ऑफिसात डाव्या हाताने माउस धरायची पाळी आली. नेमका तेव्हाच बर्मिंगहॅमच्या टीमचा निरोप आला. त्यांच्याकडे पिचर तीन आणि शॉर्टस्टॉप एकही धड नाही. एक पिचर घ्या, सुजात द्या, असा ट्रेड.

सर आठवडाभर बेचैन होते. "पिचर नाही तर टीम नाही," म्हणत, आणि लगेच, "पण शॉर्टस्टॉप नसला तर पिचरनं टाकून फायदा काय? अडवन कोण?" सरांच्या घरी काकू एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, घरचं पोरगं कोणी बदलीत देते का?" सर म्हणाले, "घरी पोरगा आहे. ग्राउंडवर खेळाडू आहे." पण म्हणताना त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी त्यांनी मला गाडीतून घरी सोडलं. दारापाशी इंजिन बंद केलं. "एक खरं सांग. सुजात त्या जागेवर स्वतःच्या दमावर आहे, की माझा पोरगा म्हणून आहे? मला दिसत नाही बे. मी बाप आहे. तू सांगशील ते मी मानीन."

मला उत्तर माहीत होतं. पण दोन दिवसांनी पुन्हा दोन मॅच होत्या, आणि नवा पिचर आला तर मी सुटणार होतो. मी म्हटलं, "सांगता येत नाही, सर." एवढंच. सरांनी मान हलवली आणि "थँक यू" म्हणाले. त्या थँक यूने मला आजवर सोडलेलं नाही.

सरांनी बदली कबूल केली. सुजातला सांगितलं तेव्हा मीही तिथे होतो. तो म्हणाला, "पण बाबा, हा माझा टीम आहे." मग थोड्या वेळाने, "ओके. फाइन." आधी तो रविवारी ट्रेनने जाई, पुढे बर्मिंगहॅमलाच खोली घेऊन राहिला. त्याच मोसमात आम्ही त्यांच्याशी खेळलो. आमच्या सहा जणांना एकट्या सुजातने बाद केलं. शेवटी दोन्ही टीमनी ओळीत हात मिळवले. बापाचा हात त्याने बाकीच्यांइतकाच वेळ धरला. परतताना सर गाडीत एकच वाक्य बोलले: "आता दिसलं मला." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्यानंतर सर सरावाला सगळ्यांच्या आधी येऊ लागले. एकटेच बॅट घेऊन शॉर्टस्टॉपच्या रिकाम्या जागेकडे चेंडू मारत. चेंडू गवतातून सरपटत कुंपणाला लागे. मग ते सावकाश चालत जाऊन तो उचलून आणत, आणि पुन्हा तिथेच मारत. एकदा मी लवकर पोचलो आणि हे पाहिलं. बाकीचे येईपर्यंत मी गाडीतच बसून राहिलो, आणि पुढे कधी लवकर गेलो नाही.

सहा वर्षांनी सर गेले. हृदयविकाराचा झटका, ड्यूटीवरच. त्या सहा वर्षांत खरं सांगायची संधी मला शंभरदा मिळाली असेल. घरी बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि सुजात मागच्या अंगणात माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"काका, एक विचारू? बाबा त्या ट्रेडवर एकदाच बोलले माझ्याशी. म्हणाले, मी टीममधल्या सगळ्यात सरळ माणसाला विचारला होता. नाव नाही सांगितला. मी खरंच चांगला नव्हतो का?"

"तुझ्याइतकं चांगलं कोणीच नव्हतं."

"मग तो माणूस असं का बोलला?"

"त्याचा खांदा दुखत होता," मी म्हटलं.

सुजातने माझ्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. तो चिडेल, निदान शिवी तरी देईल, असं मला वाटलं. मी वाट पाहत होतो. पण त्याचा आवाज अगदी लहान झाला.

"मी सहा वर्षं त्यांना बाबा म्हटला नाही, काका," तो म्हणाला. "घरी पण. फोनवर पण. फक्त कोच म्हणायचो."