कोऱ्या कागदावरच्या सह्या

‘कन्सेंट’ या शब्दावर मी एक पत्रक लिहिलं होतं. आधी सांगा, मग विचारा, मग उत्तर ऐका. नाही म्हणायची सोय नसेल तर ती संमती नव्हेच. येरवड्यातल्या ज्या वस्तीत आम्ही काम करायचो, तिथे बिल्डरची माणसं वस्ती पाडून इमारती बांधायच्या योजनेचे इंग्रजी कन्सेंट फॉर्म घेऊन घरोघर फिरत होती. ‘सही करा, बाकी आम्ही बघतो.’ मी संतापले होते. अजूनही आहे. पुढचं सगळं सांगूनही तो संताप मी मागे घेणार नाही.

आता माझं. आमच्या संघटनेत निवेदनाची एक पद्धत होती: सह्या आधी, मजकूर नंतर. कारण मजकुरावर आमची भांडणं शेवटच्या तासापर्यंत चालायची आणि लोक काही तोवर थांबत नाहीत. म्हणून कागदाची वरची जागा मोकळी सोडायची, खाली रकाने आखायचे. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. आपलीच माणसं, आपलाच लढा.

इस्त्रीचं काम करणाऱ्या एका मावशींकडे गेले, तेव्हा त्या शर्टाची कॉलर दाबत होत्या.

“वर काय लिहिणार?”

“आपलंच आहे हो, मावशी. सर्वेक्षण नीट करा म्हणून.”

त्यांनी इस्त्री उभी केली, हात पुसले, सही केली.

संध्याकाळी मजकुरात एक ओळ वाढली: आम्ही खालील रहिवासी तात्पुरत्या घरांत जायला नकार देत आहोत. ती मीच सुचवली. ठसठशीत वाटली म्हणून.

मावशींना जायचं होतं. नवरा अर्धांगाने पडलेला, घर माळ्यावर, वर जायला लोखंडी शिडी. तात्पुरत्या इमारतीत त्यांना तळमजल्याची खोली मिळणार होती. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंच कुठे होतं?

खोली दुसऱ्याला गेली. क्षेत्रीय कार्यालयातल्या क्लार्कने निवेदन पुढे सरकवलं, “बाई, तुम्हीच नको म्हणालात. सही तुमचीच ना?”

त्या तडक माझ्याकडे आल्या. “तुझं पत्रक पोरीकडून वाचून घेतलं. चांगलं लिहिलंयस.”

मी खुर्ची पुढे केली.

“बिल्डरचा माणूस निदान छापलेला कागद तरी आणतो गं. तू कोराच आणलास.”

“मावशी, सगळ्यांच्या भल्यासाठीच—”

“त्योबी तेच म्हणतो.”

संघटनेतले आमचे ज्येष्ठ म्हणाले, “एक सही गेली की निवेदनाला भोक पडेल. त्यांना समजावून सांग.” समजावून सांग! ती ओळ या बाईंना न दाखवता लिहिली, असं मी क्षेत्रीय कार्यालयात माझ्या सहीने लिहून दिलं. क्लार्कने शिक्का मारला. “पुढच्या यादीत बघू.” मावशींच्या नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं असलं की शेजारी अजून पाठुंगळी घेऊन शिडी उतरतात. एकदा मी हात लावायला पुढे झाले. “तू राहू दे,” मावशी म्हणाल्या.

मग त्या कागदावर सही होती त्या प्रत्येक दारात जाऊन मी ती ओळ मोठ्याने वाचली. बरेच जण म्हणाले, असू दे. एका बाईने मात्र दारातच विचारलं, “माझं नाव काढ म्हटलं, तर तुला राग येईल का?”

“नाही,” मी म्हणाले. खरं तर आला होता.