उघडलेला मेल

आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात संगणकांची सुरक्षा बघणारे साहेब मोहोळहून येत. कुणी संगणक चालू ठेवून चहाला गेलं, की ते त्याच्या खुर्चीत जाऊन बसत. तो परतला की म्हणत, "घर उघडं होतं की, म्हणून राखत बसलो."

एका दुपारी बिलं करणाऱ्या सविताने मेलवर आलेली बनावट फाईल उघडली आणि तिच्या फायली एकेक करून उघडेनाशा होऊ लागल्या. ती घाबरून साहेबांकडे धावली. "लगेच आलीस, लई बरं केलंस," म्हणत त्यांनी तिच्या संगणकाची नेटची वायर उपटली. बाकीचे संगणक वाचले.

संध्याकाळी मालक म्हणाले, "तिला उद्यापासून घरी बसवा."

साहेबांचा आवाज तेव्हा पहिल्यांदाच चढला. "मालक, आज तिला काढलं, तर उद्या चुकणारा गप बसंल. मग मला कळायचं कसं? काढायचंच आसंल तर मला काढा."

सविता दुसऱ्या दिवशी कामावर आली.

त्या आठवड्यात आमच्यातले एकेक जण साहेबांकडे गेले आणि पूर्वी आपणही असले मेल उघडल्याचं हळूच सांगून आले. साहेबांनी प्रत्येकाला आधी बसायला खुर्ची दिली.