वहिनीचा न पोचलेला निरोप

निरोप आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यापाशी उभा होतो. ‘राम म्हणाला, मी आज येतो’ अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहिलेलं होतं, आणि तेच दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं झालं तर कसं बदलेल, ते मुलांना विचारत होतो. दारात आमचा सालदार, शेतावरचा सालाचा गडी, फागू दिसला. आमच्या गावाहून, आमगावहून, सकाळच्या गाडीनं गोंदियाला आला होता, पायात वहाणा नव्हत्या. मी बाहेर गेलो. “मालकानं बोलावलं,” तो म्हणाला. मालक म्हणजे माझे बाबा. वहिनीचा ताप कसा आहे, असं मी विचारलं. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “कालवरी बऱ्या होत्या...” त्यापुढचं त्याला सांगता आलं नाही आणि मला विचारता आलं नाही. मी वर्गात परत गेलो, फळा पुसला आणि निघालो. त्याला आज सहा आठवडे झाले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. चिचगडच्या एका शाळामास्तरांची मुलगी, मराठी चौथी पास, इंग्रजी अक्षरं वडिलांकडून शिकलेली. आमच्या धान पिकवणाऱ्या घरात ती आली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तीन वर्षांत दादा हिवतापानं गेला. आई त्याच्या आधीच गेली होती. घरात उरलो तिघं: बाबा, वहिनी आणि मी. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही, समोरही येत नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहते आणि जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाकरवी सांगते. आमच्या घरात तो तिसरा माणूस मीच. “भाऊजी, मामाजीले सांगा, जेवण वाढलं.” बाबा दोन हातांवर बसलेले असत, त्यांना सगळं स्वच्छ ऐकू गेलेलं असे, तरी मी ते पुन्हा सांगितल्याशिवाय उठत नसत. मग ते म्हणत, “सूनबाईले सांग, वरणात मीठ कमी पडून राहिलं दोन दिवसापासून.” मी दोन पावलं टाकून तेही पोचवत असे. मला याचं हसू येई. शेजारी मला पोस्टमन म्हणून चिडवत.

इंग्रजीशी माझं पहिल्यापासून वाकडं. रोज गाडीनं गोंदियाच्या शाळेत जायचो. तिथले मास्तर इंग्रजी व्याकरण हिंदीतून शिकवत, आणि आमगाव येईपर्यंत त्यातलं निम्मं गाडीतच सांडलेलं असे. मॅट्रिकला मी इंग्रजीत नापास झालो. बाबा एवढंच म्हणाले, “पुढच्या साली नाही झालास तर नांगर धर.” तेव्हा वहिनीनं माझं पुस्तक हातात घेतलं. खरं तर ती ते कितीतरी दिवसांपासून वाचत होती, मी घोकत असलो की आतून ऐकत होती. मला पत्ताच नव्हता. सुटीच्या दुपारी तांदळातले खडे निवडता निवडता ती मला शिकवू लागली. ‘ए’ कुठं आणि ‘द’ कुठं, हे मला काही केल्या उमगत नसे. ती म्हणाली, “भाऊजी, दारात नवा माणूस आला तर तो कोणीतरी एक पाहुणा. त्याले ‘ए’ लावा. ओसरीवर बसून पाणी पेला, नाव-गाव सांगितलं, का तो आपल्या वळखीचा झाला. मंग त्याले ‘द’.” मी मुद्दाम विचारलं, “आन् सूर्याले काऊन ‘द’? तो कवा पाणी पियाले आला होता?” ती म्हणाली, “तो एकच आहे. त्याले सारं गाव वळखते.” ‘अवर’ हा शब्द एच या अक्षरानं सुरू होतो म्हणून मी त्याच्या आधी ‘ए’ लावायचो, तर ती सुपाची कड माझ्या डोक्यावर हळूच आपटायची. “अक्षर पाहू नका, कानानं आयका. तो एच बोलून राहिला का? मंग ‘ॲन’ लिहा.”

पण तिचा खरा हातखंडा दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगण्यात. पुस्तकात त्या नियमांची चांगली चार पानं होती आणि ती बघूनच मला घाम फुटायचा. वहिनी हसली. म्हणाली, “हे तर मी लगन झाल्यापासून करून राहिली.” ‘मी’चा ‘ती’ होतो, ‘इथं’चं ‘तिथं’ होतं, हे तिला कुणी समजावून सांगावंच लागलं नाही. इंग्रजीत ‘आज’चा ‘त्या दिवशी’ कशाला करतात, असं मी वैतागून विचारलं, तेव्हा तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, “निरोप पोचेपर्यंत वेळ जाते ना, भाऊजी. बोलणाऱ्याचा आज आयकणाऱ्याजवळ जुना होऊनच येते.” आणि ‘म्हणाला’च्या जागी कुठं ‘हुकूम केला’ लिहायचं, कुठं ‘विनंती केली’, ते निरोप सांगणाऱ्यानं ठरवायचं असतं, हेही तिनंच शिकवलं. “म्हणून निरोप सांगणारा इमानदार पायजे,” असं ती म्हणाली होती. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, गोंदियातल्या मुलींच्या एका शाळेला खालच्या वर्गांसाठी शिकवायला बाई हवी होती. ती बातमी घरी मीच आणली, सहज बोलता बोलता. वहिनीनं हातातलं सूप खाली ठेवलं.  तिसऱ्या दिवशी मी गाडीला निघालो तेव्हा दाराशी आली. “भाऊजी, मामाजीले इचारा. म्हणा, मी जाऊ का त्या शाळेत? सयपाक करून जाईन, सांजच्या गाडीनं वापस येईन. त्यायनं हो म्हटलं तरच.”  इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी पाठवलेला तो पहिला निरोप.

मी तो पोचवला नाही. कारण लिहायची लाज वाटते, पण लिहितो. परीक्षेला चार महिने उरले होते, आणि वहिनी शाळेत गेली तर मला शिकवणार कोण? एवढंच. मनाशी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग विचारू. तिनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी टाळलं. तिसऱ्यांदा सरळ सांगून टाकलं, “बाबा नाही म्हणाले.” ती चौकटीला धरून उभी होती. “कसं म्हणाले? जसंच्या तसं सांगा.” आणि जिनं मला हे सगळं शिकवलं तिच्यासमोर मी बाबांच्या तोंडी एक वाक्य घातलं: “सूनबाईले सांग, घरच्या बाईनं घरातच राहावं.” वहिनीनं मान हलवली. पदर सारखा केला. मग माझं पुस्तक उघडून म्हणाली, “काल कुठंवरी आलो होतो?”

मी पास झालो. शाळेनं तोवर बाई नेमली होती. पुढं मी इंग्रजीचाच मास्तर झालो आणि गोंदियात खोली घेऊन राहू लागलो. पाहुणा आणि सूर्य मी दरवर्षी वर्गात सांगतो. मुलं खूश होतात, मला हुशार समजतात. शनिवारी वह्यांचा गठ्ठा आमगावला न्यायचा आणि वहिनीनं लाल शाईनं तो तपासून द्यायचा, असा आमचा शिरस्ता पडला. गोंदियातल्या कितीतरी मुलांच्या चुका आमच्या चुलीजवळ सापडल्या आहेत, हे त्या मुलांना ठाऊक नाही. शेवटचं भेटलो तेव्हाही ती वह्याच तपासत होती. अंगात कणकण होती, डोळे लाल झाले होते. एक वही पुढं करून म्हणाली, “ह्या पोट्ट्याले मारू नका. त्याले येते सारं, नुसता घाई करते.” त्या दिवशी मी तिला सांगणार होतो. अकरा वर्षं, दर शनिवारी, मी सांगणारच होतो... गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. बाबा ओसरीवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता समोरच्या माणसाची नुसती हालचाल कळते. ते म्हणाले, “एक गोठ इचारू का तुले? त्या साली गोंदियाले पोरींच्या शाळेत बाई पायजे होती. म्या टेशनावर आयकलं होतं. सूनबाई काऊन गेली नाही?”  बाबा सावकाश बोलत राहिले. “म्या वाट पाहिली. म्हटलं, आपणच कसं म्हणाव? थोरला गेला, आता सासरा घरातून काढून राहिला, असं वाटन तिले. तिनं एक डाव इचारलं असतं, तर मी सोता टेशनावर पोचवून आलो असतो.” मग स्वतःशीच म्हणाले, “तिलेच नसन जाचं.” मी उठून विहिरीवर गेलो आणि तिथं रडलो.

बाबांची नजर गेल्यापासून आमच्या घरात एक गंमत चालायची. रविवारी पेपर आला की वहिनी तो स्वयंपाकघरात बसून मांजरीला वाचून दाखवी, मोठ्यानं, ओसरीपर्यंत जाईल असा. सासऱ्याशी बोलायचं नाही हे खरं, पण मांजरीशी बोलायला कोणाची बंदी? बाबाही काही कमी नव्हते. वाचन थांबलं की अंगणातल्या बैलाला म्हणत, “धानाचा भाव राहिला वाटते.” आणि आतून धानाचा भाव वाचला जाई. हे मी सुटीत कितीदा पाहिलं, कितीदा हसलो. त्यात माझं काही कामच नसे. मधे मी नसतो, तर त्या दोघांचं किती नीट चाललं असतं...

लढाईमुळे कागद मिळेना, पेपर चार पानांवर आलाय. पण बाबा पुरवणीतलं एक अक्षर सोडू देत नाहीत. आता रविवारी आमगावला जाऊन तो मी वाचतो. हा लेख त्या पुरवणीत छापून आला की तोही मला त्यांना वाचून दाखवावा लागेल. मधला मजकूर गाळायचा मोह मला होईल, हे मी जाणतो. म्हणूनच हे छापायला दिलं. गावातल्या चार घरांत पेपर येतो, मी गाळलं तरी त्यांना कळेलच. समोर बसून वाचण्याची मात्र माझी हिंमत नाही. मी आत, चुलीजवळ बसेन आणि ओसरीपर्यंत जाईल असं वाचेन. ऐकून झाल्यावर बाबा काहीतरी म्हणतील. ते आता मी कुणाला जाऊन सांगू?