मानाचे कोकरू

भामाबाईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या एका घोडीशी भांडत होत्या, आणि त्या भांडणात घोडीची बाजू अधिक योग्य होती.

स्थळ आमच्या गावाबाहेरचा ओढा. गाव आष्ट्यापासून चार मैलांवर. साल १९७५, महिना कार्तिक. घोडीच्या पाठीवर घोंगडी, पातेली, पिठाचे गाठोडे आणि कोंबड्यांची डालगी असा सारा संसार बांधलेला होता. ती ओढ्याच्या मध्यभागी थांबली होती आणि पुढे पाऊल टाकण्यास तयार नव्हती. भामाबाई काठावरून तिच्या सर्व पूर्वजांचा उद्धार करीत होत्या. घोडी ते शांतपणे ऐकून घेत होती. अखेर भामाबाई पाण्यात उतरल्या, त्यांनी ओझे हलवून पाहिले, आणि त्यांच्या ध्यानात आले की दोर सैल होऊन डालगी डाव्या बाजूस कलली आहे. त्यांनी दोर आवळला, घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुजं खरं हाय बाई. माजंच चुकलं."

छत्तीस वर्षे शिक्षण खात्यात काढूनही, वरिष्ठाने कनिष्ठापाशी आपली चूक इतक्या उघडपणे कबूल केल्याचे माझ्या पाहण्यात नव्हते. म्हणून मी चौकशी केली.

भामाबाई जत भागातील धनगर. दिवाळी झाली की त्या, त्यांचे यजमान बिराप्पा आणि दोनशे मेंढरे आमच्या बाजूस येत. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेत, म्हणजे खतासाठी त्यांचा मुक्काम शेतात ठेवीत. चैत्रात आमच्या भैरोबाची यात्रा झाली की मंडळी परत फिरत. बिराप्पा हे अत्यंत मितभाषी गृहस्थ. चार वर्षांच्या परिचयात मला त्यांची तीन वाक्ये आठवतात, आणि त्यांतील दोन मेंढरांना उद्देशून होती. घरातील बोलण्याचा सर्व भार भामाबाईंवर आणि वाहून नेण्याचा सर्व भार भुरीवर. भुरी म्हणजे ती घोडी. अंगाने ठेंगणी, रंगाने धुळीसारखी. तिचा नियम एकच होता. ओझे सरळ असेल तर चालायचे, कलले तर थांबायचे. ओझे कशाचे आहे, हा विचार ती करीत नसे.

त्या वर्षी मेंढरे बसली ती सुभेदार हंबीररावांच्या रानात. माझे रान त्याला लागून. त्यामुळे पुढील सर्व प्रकार मला बांधावरून व्यवस्थित पाहता आला.

सुभेदार हंबीरराव सैन्यात अठ्ठावीस वर्षे नोकरी करून परतलेले. दोन लढाया पाहिलेले. उंच, सडपातळ, पाठीचा कणा फुटपट्टीसारखा. आमच्या यात्रेत पालखीपुढे मानकऱ्याचा घोडा चालतो आणि तो मान त्यांच्या घराण्याचा. नियम असा, की मानकऱ्याने उजव्या हाती तलवार धरून घोड्यावरून वेशीपासून ओढ्यापर्यंत जावे आणि पालखीसह परत यावे. मध्ये उतरू नये. लागोपाठ दोन वर्षे हे घडले नाही, तर मान भावकीतील दुसऱ्या घराकडे जावा. नियम यात्रा कमिटीच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे, कारण चिटणीस मीच.

त्याच साली, म्हणजे कार्तिकाच्या सात महिने आधी, चैत्रात नाथाजी घोडेवाल्याचा पांढरा घोडा तासगावहून आला होता. सुभेदार वर बसले, बँडमधील कर्णेवाल्याने घोड्याच्या कानाशी पहिला सूर काढला, घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला, आणि सुभेदार गुलालाच्या दोन भरलेल्या पाट्यांत जाऊन पडले. नखशिखांत गुलाबी होऊन ते उठले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण हा कार्यक्रमाचाच भाग असावा असा अनेकांचा समज झाला होता. एक वर्ष गेले. उरले एक.

त्या दिवसापासून सुभेदारांनी घोड्याशी असलेले सर्व संबंध तोडले. आष्ट्यास गेल्यावर ते टांग्यातही बसत नसत. मी एकदा म्हणालो, "सुभेदार, तुम्ही तोफेच्या गोळ्याला भ्याला नाहीत."

"गोळ्याला काय भ्यायचं, गुरुजी?" ते म्हणाले. "गोळा सरळ येतो. त्याच्या मनात दुसरं काय नसतंय."

भुरी बांधावर चरत असे. सुभेदार रानात आले की ती दिसताच वाट सोडून ओढ्याच्या चिखलातून वळसा घालीत. तिसऱ्या दिवशी भामाबाईंनी हाक मारली.

"आवं सुभेदार, वाट हिकडनं हाय."

"मला चालायचं हाय. डॉक्टरनं सांगितलंय."

"चिखलातनंच चाला म्हनून सांगितलंय व्हय?"

सुभेदार थांबले. भामाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा भुरीकडे पाहिले, आणि पुढे काही विचारले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, की मुक्काम पलीकडच्या पट्टीत हलवायचा आहे, बिराप्पाची कंबर धरली आहे, तरी मालकांनी ओझे बांधण्यास हात लावावा. बिराप्पा त्या वेळी पाठीवर ओले घोंगडे टाकून विहिरीवरून चालत येत होते. पत्नीने आपली कंबर धरल्याचे जाहीर केलेले ऐकून त्यांनी एक क्षण विचार केला, आणि ते कंबरेवर हात ठेवून खाली बसले.

सुभेदार फसले. रान त्यांचे, खत त्यांचे. नाही म्हणता येईना. मुक्काम रोज नव्या पट्टीत हलत असे, त्यामुळे हे काम रोजचे झाले. पहिल्या दिवशी त्यांनी हात लांब करून दोर दुरूनच फेकला. चौथ्या दिवशी ते भुरीच्या पोटाखालून दोर घेत होते. आठव्या दिवशी त्यांनी भामाबाईंच्या गाठी सोडून सैनिकी पद्धतीच्या गाठी मारल्या, आणि भामाबाईंनी तोंडावर पदर धरून ते सहन केले.

नंतर एके सकाळी त्या म्हणाल्या, "आज पातेली मी डोक्यावर नेती. तुमी वर बसा."

"मी?" सुभेदारांचा आवाज बदलला. "जनावर बारकं हाय. माझं वजन—"

"पाऊण पोतं जुंधळा. लय तर वर चार शेर. मी बगितलंय मापून."

"कशानं?"

"डोळ्यानं. चला."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले. मी बांधावरील गवताकडे पाहिले.

अशा रीतीने, एका बाजूस कोंबड्यांची डालगी आणि दुसऱ्या बाजूस पिठाचे गाठोडे अशा बंदोबस्तात सुभेदार हंबीरराव ओझ्यांच्या मध्ये बांधल्यासारखे बसले. दोन्ही हातांनी त्यांनी भुरीची आयाळ घट्ट धरली आणि भीतीने एका अंगावर झुकले. भुरी तत्काळ थांबली. ते सरळ झाले. भुरी चालली. ते पुन्हा झुकले. भुरी पुन्हा थांबली. शेतापासून ओढ्यापर्यंतचे अंतर चारशे पावले. त्यात भुरी एकतीस वेळा थांबली. मी मोजले.

"सुभेदार," भामाबाई ओरडल्या, "वझ्यावानी बसा की! वझं कवा भ्यालेलं बगितलंय का?"

"वझ्याला पडायचं काय वाटत न्हाई!"

"मग तुमाला कशापाई वाटतंय? पडाय लागला की ती थांबतीया न्हवं? मानूस तरी तुमच्यासाटी एवढ्यांदा थांबंल का?"

दुसऱ्या दिवशी भुरी बावीस वेळा थांबली. त्यानंतरचा आठवडाभर मात्र आकडा एकोणिसावर अडून राहिला, कारण सुभेदार आयाळ सोडीनात. आणि त्याच आठवड्यात नको ते घडले. भावकीतील आप्पासो, म्हणजे दोन वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहणारे गृहस्थ, सायकलवरून ओढ्यापाशी आले आणि समोरचे दृश्य पाहून उतरले.

"राम राम सुभेदार! बिऱ्हाड घिऊन कुनीकडं? बाजाराला?"

"न्हाई," सुभेदार डालगी आणि गाठोडे यांच्यामधून म्हणाले. "धनगरात भरती झालोय."

"कोंबड्या मातूर शोभत्यात हां. पर भैरोबाच्या घोड्याला डालगी बांधता येत न्हाई, गड्या. ध्यानात असू द्या." आणि घंटी वाजवीत ते निघून गेले.

सुभेदार खाली उतरले. "भामाबाई, बास. मान जाऊ दे त्याच्या घरात. माझा आजा, पणजा समदे बसले त्या घोड्यावर. माझ्यापाशी संपतंय, तर संपू दे." आणि ते बांधावर बसले. पाठीचा कणा प्रथमच वाकलेला मी पाहिला.

 भामाबाई कळपात गेल्या आणि त्या पहाटेच जन्मलेले एक कोकरू घेऊन आल्या. ते थरथरत होते. "मुक्काम हलवायचा हाय," त्या म्हणाल्या. "ह्येला चालता येत न्हाई. माजे हात मोकळे न्हाईत. धरा."

"आन् मी काय धरू?"

"ह्येलाच धरा म्हंते न्हवं मी?"

सुभेदारांना वर बसावे लागले. कोकराने एकदा खाली पाहिले आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून मी आकडे टिपायची वही खाली ठेवली. सुभेदारांनी त्याला छातीशी घेतले. आयाळ सुटली. "डर मत, जवान," ते त्याच्या कानात बोलू लागले. "कुछ नहीं होता. सामने देख. हां, शाबास." ओढा आला, ओढा गेला, पलीकडची चढण संपली. भुरी दोनदाच थांबली, आणि दोन्ही वेळा कारण गवत हे होते.

"उतरा आता," भामाबाई म्हणाल्या.

"आलो व्हय आपन?" सुभेदार म्हणाले.

यात्रेपर्यंत ते रोज बसले. कोकरू घेऊन आणि, माघ सरता सरता, कोकराशिवायही. परंतु भुरी म्हणजे नाथाजीचा घोडा नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

यात्रेच्या दिवशी वेशीवर पांढरा घोडा उभा राहिला. सुभेदार पूर्ण गणवेशात, छातीवर पदके, उजव्या हाती तलवार. त्यांनी रिकिबीत पाय घातला आणि काढला. पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. हलगी वाजत होती. आप्पासो नवीन फेटा बांधून, जरूर पडली तर सोय असावी म्हणून, अगदी जवळ उभे होते. सुभेदारांचा चेहरा गुलाल न लावताही पांढऱ्याचा गुलाबी आणि गुलाबीचा पांढरा होत होता.

तेवढ्यात गर्दीतून भामाबाई आल्या. काखेत एक नवे कोकरू, पंधरा दिवसांचे, काळ्या कानांचे. "आवं सुभेदार, एवढ्या गर्दीत तुडवलं जाईल ह्ये," त्या मोठ्याने म्हणाल्या. "जरा धरा." आणि त्यांनी ते त्यांच्या डाव्या हातात ठेवले.

पुढच्या क्षणी सुभेदार घोड्यावर होते. कसे चढले, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

"हे काय?" आप्पासो गरजले. "मानाच्या घोड्यावर मेंढरू? गुरुजी, वही काढा!"

मी वही काढली, चष्मा लावला आणि सर्व गावासमोर नियम वाचला. "मानकऱ्याच्या उजव्या हाती तलवार असावी. डाव्या हाताविषयी कमिटीने काहीही ठरवलेले नाही." वही मिटली. पालखी निघाली.

गेल्या वर्षीच्याच जागी कर्णेवाल्याने गेल्या वर्षीचाच सूर काढला. घोड्याने पुढचे पाय उचलले. कोकरू किंचाळले. सुभेदारांनी त्याला पोटाशी घट्ट धरले, गुडघे आवळले, आणि परेड मैदानावर शोभेल अशा आवाजात ते घोड्यावर ओरडले, "खाली ठेव पाय! वर लेकरू हाय, दिसत न्हाई?"

घोड्याने पाय खाली ठेवले. कर्णेवाल्यानेही कर्णा खाली ठेवला. त्याला तो हुकूम आपल्यालाच वाटला असावा. पुढे ओढ्यापर्यंत आणि परत, सुभेदार सतत कोकराची समजूत काढीत होते, आणि ते ऐकत ऐकत घोडाही अत्यंत सभ्यपणे चालला. कोकराने वाटेत एका पदकाची फीत खाल्ली आणि गणवेशावर जे करायचे ते केले. सुभेदार मध्ये उतरले नाहीत. मी वहीत नोंद केली.

येथे हे प्रकरण संपावयास हवे होते. पण गाव संपू देईना. १९७७ साली सुभेदार कोकराशिवाय घोड्यावर बसले, अगदी सहज. गर्दीत कुजबुज झाली. पालखीचे भोई जागचे हलेनात. "कोकरू कुटं हाय?" अशी विचारणा झाली, आणि सर्वांत मोठा आवाज आप्पासोंचा होता. "गेल्या साली कोकरू हुतं, तर पाऊस कसा झाला? उगं देवाच्या कामात बदल नगं!" भामाबाईंना बोलावणे गेले. १९७८ साली कळपात लहान कोकरू उरले नव्हते. जे होते ते जवळजवळ मेंढा होते, आणि सुभेदारांनी ते छातीशी धरून चेहऱ्यावरची शिस्त न ढळू देता संपूर्ण फेरी केली. शाळेच्या हस्तलिखितात एका विद्यार्थ्याने ही प्रथा तीनशे वर्षांची असल्याचे लिहिले. मी लाल शाईने 'तीनशे' खोडून 'तीन' केले.

"आता कोकराला भ्या वाटत न्हाई, सुभेदाराला न्हाई," भामाबाई मला म्हणाल्या. "गावाला वाटाय लागलंय."

यंदा, म्हणजे १९७९ साली, यात्रेची पत्रिका छापण्यास देण्यापूर्वी मी त्यात एक ओळ घातली: 'मानाचे कोकरू — सौ. भामाबाई बिराप्पा, जत.' त्यांना अक्षरओळख नसल्याने ती वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेऊन उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "आनी भुरीचं?"

"पत्रिकेत जनावराचे नाव घालण्याचा प्रघात नाही."

"प्रघात म्हंजी?"

"पूर्वीपासून चालत आलेली रीत."

"मग कोकराची कुटं हुती?"

मी आष्ट्यास छापखान्यात गेलो आणि ओळ वाढवून घेतली. नावे कार्याच्या क्रमाने असावीत, या माझ्या नेहमीच्या पद्धतीस अनुसरून 'श्रीमती भुरी' हे नाव सर्वांत वर आले. त्याखाली भामाबाई, मग सुभेदार, आणि कमिटीचे नवे अध्यक्ष आप्पासो चौथे.

कमिटीच्या बैठकीत आप्पासोंनी पत्रिका दोनदा वाचली. "ह्या भुरीबाई कोन?" त्यांनी विचारले. "माझ्या वर छापल्यात. कुटल्या घरातल्या?"

मी चष्मा पुसू लागलो. सुभेदार मात्र उभे राहिले, कणा फुटपट्टीसारखा.

"माझ्या उस्ताद," ते म्हणाले. "ज्यांनी मला घोडं शिकवलं."

आप्पासोंनी मान डोलावली आणि पत्रिका मंजूर झाली.